अण्णा नाईक चालतो, अनिरुद्ध चालत नाही. असं का?

सातरस्ता_ते_पार्क:

मंडळी, एक प्रश्न डोक्यात घोळतोय म्हणून इथं टाकतोय. स्पॉयलर भरपूर आहेत हां, ब्रेकिंग बॅड आणि गेम ऑफ थ्रोन्स ज्यांचं बघायचं राहिलंय त्यांनी इथूनच मागं फिरा, नंतर मला शिव्या नकोत.

तर घरात टीव्ही एकच. सात ते दहा आईचं राज्य, त्यानंतर मी आणि धाकटा भाऊ. आम्ही परत एकदा ब्रेकिंग बॅड लावलंय आणि काल दुसऱ्या सीझनमधला जेनचा सीन आला. ज्यांनी बघून लई दिवस झाले त्यांच्यासाठी सांगतो, वॉल्टर व्हाइट, म्हणजे कॅन्सर झाल्यावर घरच्यांसाठी म्हणून ड्रग बनवायला लागलेला शाळामास्तर, रात्री धंद्यातला जोडीदार जेसीच्या घरात शिरतो, जेसी आणि त्याची मैत्रीण जेन दोघंही हेरॉइन घेऊन आडवे पडलेत. हा जेसीला गदागदा हलवतो, तो काही उठत नाही, पण त्या हलवाहलवीत शेजारची जेन कुशीवरून पाठीवर होते. मग तिला उलटी येते, घुसमटायला लागते. वॉल्टर धावत पलंगाच्या त्या बाजूला जातो, हात पुढं करतो आणि तिथंच थांबतो. डोळे भरून येतात त्याचे, तोंडावर हात जातो, पण तिला कुशीवर वळवायचं एवढंसं काम तो करत नाही आणि पोरगी मरते.

भाऊ म्हणाला, बरं झालं, जेसीला नादाला लावत होती, वर ह्याला ब्लॅकमेल पण करत होती. आई तिथंच मेथी निवडत बसलेली, तिला भाषा कळत नाही पण सीन बरोबर कळला. म्हणाली, "मास्तर आहे ना रे हा? आणि पोरगी मरताना बघत बसला? असल्या माणसाची बाजू घेता तुम्ही?"

आता गंमत बघा. हीच माझी आई रात्रीस खेळ चाले मधल्या अण्णा नाईकांची कट्टर फॅन. त्या दुसऱ्या भागात अण्णांनी काय करायचं बाकी ठेवलेलं? खून केले, लोकांच्या जमिनी गिळल्या, घरात माई गप्प सोसतेय आणि हा शेवंताकडं. तरी अण्णा पडद्यावर आले की आईचा चेहरा खुलायचा, "अण्णा म्हणजे अण्णा" वगैरे. आणि आई कुठे काय करते मधला अनिरुद्ध? त्यानं कुणाला मारलं नाही, कुणाची जमीन घेतली नाही, पंचवीस वर्षांच्या संसारानंतर ऑफिसमधल्या संजनाचं प्रकरण बाहेर आलं, एवढंच. ती मालिका २०२४ ला संपली तरी अजून त्याचं नाव काढलं की आईचं तोंड कडू होतं.

म्हणजे खून माफ आणि लफडं माफ नाही? पण लफडं तर अण्णांचं पण होतं की. मग हे माप नक्की कसलं आहे? हिरो चुकीचं वागला की कधी आपण त्याच्या पाठीशी उभं राहतो आणि कधी त्याला घराबाहेर काढतो? आईला दोष द्यायचा नाहीये, आम्ही दोघं भाऊ पण तसलेच आहोत.

———

कडक_भाकरी:

काय बे, एवढं डोकं कशाला लावूलालास. अण्णांच्या आवाजात दम होता, अनिरुद्ध दिवसभर सोफ्यावर बसून कुरकुर करायचा. विषय कट.

———

बाळीवेसचा_बाळ:

@कडक_भाकरी हसण्यावारी नेऊ नको, आवाजाचं खरंच महत्त्व आहे. पण मला इथं देवमाणूस आठवला, त्याचं कुणी नाव कसं काढलं नाही अजून?

२०२० मध्ये सुरू झालेली, लॉकडाऊन नुकता कुठं सैल होत होता, सगळे घरात. वाईकडं २०१६ ला जे प्रकरण उघडकीला आलं त्यावरून सुचलेली गोष्ट. गावात डॉक्टर म्हणून मान, बायकांना गोड बोलून जाळ्यात ओढायचं, पैसा दागिना काढून घ्यायचा आणि संपवायचं. ह्यात हिरो म्हणायला दुसरा कुणी नव्हताच, पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत गोष्ट त्याचीच. आमच्या वाड्यात सगळ्यांना माहीत होतं की हा राक्षस आहे, तरी ती एसीपी दिव्या त्याच्या जवळ पोचायची ना, तेव्हा अख्खा वाडा श्वास रोखून बसायचा, आणि कुणासाठी? त्याच्यासाठी. पुरलेलं सापडतंय की काय, हा आता काय थाप मारतोय, सुटतोय का नाही. सुटला की हुश्श. मग जाहिरात लागली की त्याच बायका म्हणायच्या मेल्याला फाशी द्या एकदाची.

म्हणजे दोन्ही एकदम चालू असतं. फाशी पण पाहिजे आणि आज नको, उद्याचा भाग पण पाहिजे. माझं म्हणणं असं की ह्याला माफ करणं म्हणताच येत नाही. प्लॅन आपल्याला माहीत, पोलिसांना माहीत नाही, एवढ्यानंच आपण त्याच्या टोळीत जमा होतो.

बाकी खरी हिरो सरू आजी होती, तिच्या म्हणी अजून आमच्याकडं चालतात.

———

उन्हाळा_४४:

बाळीवेसवाल्या दादांनी जे सांगितलं तेच अभ्यासातली माणसं पण सांगतात, मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते म्हणून थोडं लांबण लावते, सांभाळून घ्या.

मरे स्मिथ म्हणून एक अभ्यासक आहे, सिनेमावरचा. १९९५ च्या पुस्तकात त्यानं दोन गोष्टी वेगळ्या काढल्यात. एक, गोष्ट आपल्याला कुणाच्या सोबत फिरवते, कुणाच्या मनातलं दाखवते. दोन, आपण मनानं कुणाच्या बाजूचे होतो. पहिलं झालं म्हणजे दुसरं होतंच असं नाही, पण माणसासोबत पुष्कळ वेळ काढला की दुसरं हळूहळू घडायला लागतं. आणि मालिकेत तर वेळच वेळ. सिनेमा तीन तासात संपतो, ब्रेकिंग बॅडचे ६२ भाग आहेत, आपल्याकडच्या मालिका वर्षानुवर्षं रोज घरात येतात. एवढा सहवास असलेल्या माणसानं काही वाईट केलं की आपण न्यायाधीश होत नाही, त्याचे नातेवाईक होतो. पोराला पोलिसांनी पकडलं की आई पहिलं काय म्हणते? संगतीनं बिघडला. तुमच्या भावानं तेच केलं बघा, जेनवर ढकललं.

अल्बर्ट बांडुरा यांनी ह्या पळवाटांची चक्क यादीच केलेली, माणूस स्वतःची चूक स्वतःला कशी खपवतो त्याची. चांगल्या हेतूनं केलं, वरून हुकूम होता, समोरच्यानंच ओढवून घेतलं, दुसऱ्यांनी केलंय त्यापुढं हे काहीच नाही, असल्या आठ तऱ्हा. गंमत अशी की हे तो खऱ्या माणसांबद्दल लिहीत होता आणि आपण टीव्हीवरल्या माणसासाठी स्वतः वकील होऊन त्याच आठही तऱ्हा वापरतो. त्याला कॅन्सर होता, पैसे घरच्यांसाठीच होते, तो बडा ड्रगवाला गस तर ह्याच्याहून वाईट.

आणि वॉल्टर स्वतः हे करतो तो सीन आठवतोय का कुणाला? जेनचा बाप विमानांच्या कंट्रोल रूममध्ये कामाला. पोरगी गेल्यावर तो कामावर परततो, डोकं ठिकाणावर नाही, दोन विमानं शहरावर आकाशात धडकतात, १६७ माणसं मरतात. तिसऱ्या सीझनच्या सुरवातीला शाळेत पोरांना धीर द्यायला सभा भरवलेली असते आणि वॉल्टर माईक घेऊन काय सांगतो? की हा काही इतका मोठा अपघात नाही, विमान अपघातांच्या यादीत पन्नासावा आहे, तेनेरिफला १९७७ मध्ये ५८३ माणसं गेलेली आणि आज कुणाच्या लक्षात तरी आहे का. पोरं तोंडाकडं बघत राहतात. मी तो तुकडा वर्गात दाखवते. हसू येतं, आणि हसताना आपण परत त्याच्या बाजूला सरकलेलो असतो.

———

होटगी_रोडची_सून:

सगळं वाचलं. आता माझं ऐका, कारण वर सगळ्यांनी हिरोबद्दलच लिहिलंय आणि बायकोचा विषय कुणी काढला नाही.

ब्रेकिंग बॅड चालू असताना लोकांना सगळ्यात जास्त राग कुणाचा होता? ड्रग विकणाऱ्याचा नाही, माणसं मारणाऱ्याचा नाही. स्कायलरचा. बायकोचा. का, तर ती विचारते कुठं होतास, पैसे कुठनं आले, पोरांच्या जवळ येऊ नको. तिचं काम करणाऱ्या ॲना गन हिनं ऑगस्ट २०१३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिलेला, त्यात सांगितलंय की पात्राचा राग वाढत वाढत तिच्यावर, म्हणजे ॲक्ट्रेसवर आला, आणि ही बाई कुठं सापडेल, मला तिला मारायचंय अशी एक पोस्ट तिनं स्वतः वाचली. त्याच भूमिकेसाठी तिला एमी मिळाले, दोनदा. काम चांगलं केलं त्याची ही शिक्षा.

बरं स्कायलर धुतल्या तांदळाची नाहीये. ती पुढं काळा पैसा पांढरा करायला कार वॉश चालवते, आपल्या ऑफिसातल्या बॉसच्या खोट्या हिशोबावर पांघरूण घालते, त्या बॉससोबत झोपते. पण लोक तिच्या ह्या चुकांबद्दल ज्या भाषेत लिहायचे ती भाषा मला वॉल्टरबद्दल कुठं दिसली नाही, आणि वॉल्टरनं एका लहान पोराला विष घातलंय, चौथ्या सीझनच्या शेवटी. ब्रॉक. शाळेत जाणारं पोर. तिथं काय म्हणतात, काय डोकं चालवलं यार!

आता आपल्याकडं या. अनिरुद्धला शिव्या पडल्या, मान्य. पण त्याच्या घटस्फोटित बायकोनं, अरुंधतीनं, आशुतोषशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा आमच्या भिशीत काय झालं ते मी ऐकलंय. "ह्या वयात?" "मोठी मुलं आहेत घरात." "घटस्फोट ठीक आहे, पण लग्न कशाला?" अनिरुद्धच्या वेळी ज्या हळहळल्या त्याच ह्या बायका. म्हणजे त्यानं घर मोडलं तर तो नालायक, पुरुष असतातच असले, आणि हिनं कुणाचं काही न मोडता घर मांडलं तर हीच चुकली. हिरोच्या चुकीच्या वागण्यावर चर्चा करता ना, मग आधी ठरवा चूक कशाला म्हणायचं. हिरोईनच्या चुकीची यादी वेगळीच असते, त्यात उशिरा घरी येणं पण असतं.

———

सातरस्ता_ते_पार्क:

ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. आईला अरुंधतीच्या लग्नाचं विचारलं तर म्हणाली, "चांगलं केलं तिनं, पण इतका साजशृंगार नको होता." म्हणजे घ्या.

———

गिरणीचा_भोंगा:

नमस्कार. मी वयानं मोठा, गिरणीतून रिटायर झालेला, नातू शिकवतो तसं टायपिंग करतो. तुमच्या त्या इंग्रजी मालिका मी बघितलेल्या नाहीत पण प्रश्न मला जुनाच वाटला.

दूरदर्शनवर महाभारत लागायचं, २ ऑक्टोबर १९८८ पासून जून १९९० पर्यंत, ९४ भाग. रविवारी सकाळी आमच्या चाळीत ज्याच्याकडं टीव्ही त्याच्याकडं सगळे. आमची चाळ म्हणजे निम्मे तेलुगू बोलणारे पद्मशाली, बाकी आम्ही मराठी आणि थोडे कानडी, हिंदी कुणाचीच धड नाही, पण गोष्ट सगळ्यांना पाठ. द्यूताचा प्रसंग लागला तेव्हाचं सांगतो. धर्मराज राज्य हरतो, भाऊ हरतो, स्वतःला हरतो आणि मग बायको पणाला लावतो. चाळीतल्या लोकांनी शिव्या कुणाला दिल्या? शकुनीला. धृतराष्ट्राला. एका म्हातारीनं तर पडद्याकडं बघून शकुनीच्या नावानं बोटं मोडली. धर्मराजाला कुणी शब्दानं बोललं नाही, उलट बिचारा फसला म्हणाले. अहो, फासे शकुनीचे असतील, पण डाव कोण लावत होतं? बायको कुणी लावली? मी हे मोठ्यानं बोललो तर मला गप्प बसवलं.

कर्णाचं तर विचारूच नका. भरसभेत द्रौपदीची वस्त्रं ओढा म्हणणाऱ्यात कर्ण होता, हे मूळ कथेतच आहे. पण कर्ण म्हटलं की मराठी माणसाचा गळा दाटून येतो. मृत्युंजय आलं १९६७ ला, तेव्हापासून जास्तच. कर्णाची गोष्ट कर्णाच्या तोंडून ऐकली की ते सभेतलं बोलणं आपण हळूच मागं सारतो आणि रुतलेलं चाक तेवढं लक्षात ठेवतो. त्याच १९६७ सालात इरावतीबाई कर्व्यांचं युगान्त पण आलं, त्यात त्यांनी कुणालाच देव करून ठेवलेलं नाही, भीष्माला नाही, कृष्णाला पण नाही. साहित्य अकादमीचं बक्षीस मिळालं त्याला. पण आमच्या वाचनालयात मृत्युंजयच्या पानांची चाळण झालेली आणि युगान्त कोरं करकरीत.

एक गोष्ट मात्र आहे, खलनायकाला शिव्या द्यायला सोपं असतं. आपल्या सोलापुरात जन्मलेल्या शशिकलाबाई पडद्यावर आल्या की आता ही काय कारस्थान करणार म्हणून आमची आई सावरून बसायची. निळूभाऊ पडद्यावर आले की थेटरातल्या बायका पदर सावरायच्या, आणि प्रत्यक्षात माणूस सेवा दलाचा, साधा. तिथं राग कुठं ठेवायचा ते ठरलेलं. अडचण तुमच्या ह्या हिरोंची होते, राग ठेवायला जागा सापडत नाही म्हणून मग शकुनी शोधायचा.

———

कडक_भाकरी:

काका नादच खुळा 🙏 टायपिंग नातवाचं आणि डोकं तुमचं.

———

हुतात्मा_मंदिर_शेवटची_रांग:

काकांच्या शकुनीला जोडून सांगतो, आजकालच्या फॅनला शकुनी सापडला नाही की तो लेखकाला शकुनी करतो.

गेम ऑफ थ्रोन्स घ्या. पहिल्याच भागात जेमी लॅनिस्टर एका लहान पोराला खिडकीतून ढकलून देतो, का तर त्यानं ह्याला आपल्याच बहिणीसोबत बघितलं. तिसऱ्या सीझनपर्यंत लोक जेमीवर फिदा. हात तुटला, आंघोळीच्या हौदात बसून राजाला का मारलं ते सांगितलं, झालं, खिडकी विसरली. उलट बाजूला डेनेरिस, ती ड्रॅगनवाली राणी. ती सुरवातीपासून जाळत आलेली आहे. मीरीनच्या सरदारांना खांबांवर ठोकून मारलं, बापलेकाला ड्रॅगनकडून जाळलं, तेव्हा आम्ही हॉस्टेलवर शिट्ट्या मारलेल्या. अमेरिकेत शेकड्यांनी पोरींची नावं खलिसी, म्हणजे तिची पदवी, ठेवली लोकांनी. मग मे २०१९ मध्ये तिनं घंटा वाजल्यावर, म्हणजे शहर शरण आल्यावर शहर जाळलं, आणि सगळीकडं एकच बोंब, ती असं करणारच नाही, लेखकांनी वाट लावली. आठवा सीझन परत बनवा म्हणून ऑनलाइन अर्ज निघाला, दहा लाखाच्या वर सह्या.

माझं मत, घाई केली हे खरं, शेवटचे दोन सीझन पळवलेत, त्यात वाद नाही. पण "ती असं करणारच नाही" हे मला पटत नाही. ती तेच करत होती, फक्त आधी मरणारे आपल्याला आवडत नव्हते. आता रस्त्यावरची बाई आणि तिची पोरगी जळताना कॅमेऱ्यानं जवळून दाखवली. आपलंच माणूस असं निघालं हे पचवण्यापेक्षा लेखक चुकला म्हणणं परवडतं.

आणि चॅनेलवाल्यांना पण प्रेक्षकाची हीच भीती असते. सोप्रानोज १९९९ ला सुरू झालं, पाचव्या भागात हिरो टोनी, माफिया टोळीतला माणूस, पोरीला कॉलेजं दाखवायला गाडीनं घेऊन गेलाय, वाटेत त्याला टोळीशी गद्दारी करून लपून बसलेला एक जुना माणूस दिसतो. पोरगी कॉलेजात मुलाखतीला आणि बाप इकडं वायरनं त्या माणसाचा गळा आवळतोय. एचबीओवाल्यांचं म्हणणं, अहो आत्ता कुठं लोकांना हा आवडायला लागलाय, खून दाखवला तर सगळं संपलं. मालिका रचणारा डेव्हिड चेस अडून बसला, की टोनी गँगस्टर आहे, गद्दार दिसल्यावर त्यानं सोडून दिलं तरच लोकांचा विश्वास उडेल. खून झाला, आणि मालिका २००७ पर्यंत चालली. मला वाटतं मेख इथं आहे. हिरो वाईट वागला म्हणून प्रेक्षक जात नाही, तो त्याच्या स्वभावाला सोडून वागला असं वाटलं की जातो. अण्णा अण्णासारखे वागतात. अनिरुद्ध आज माफी मागतो, उद्या परत संजनाकडं, परवा अरुंधतीवर हक्क सांगतो, ह्याचा स्वभाव काय ते लेखकाला तरी माहीत होतं का?

———

मार्केट_यार्डचा_मुनीम:

वरचं सगळं पटलं पण एक राहिलं. कुणाचं नुकसान झालं त्याचा चेहरा दाखवलाय का नाही, हे बघा.

स्कॅम १९९२ आठवा. २०२० च्या ऑक्टोबरात आली, दहा भाग. हर्षद मेहता, चाळीतला माणूस, बघता बघता सेन्सेक्स चार हजाराच्या वर, आणि ती ट्यून! अर्ध्या मार्केट यार्डाची रिंगटोन तीच झालेली. मालिकेत त्याची आई दिसते, भाऊ दिसतो, बायको दिसते, ऑफिसात टाळ्या वाजवणारी पोरं दिसतात. बँकेचे पैसे गेले ते कसे दिसतात? कागदाच्या पावत्या. ज्यानं वरच्या भावात शेअर घेतले आणि बसला, तो माणूस त्यामानानं फारसा दिसत नाही. घोटाळा बाहेर काढणारी सुचेता दलाल समोर उभी आहे, बरोबर आहे, मालिकाच तिच्या आणि देबाशिष बसूंच्या पुस्तकावरून केलेली, आणि तरी लोकांच्या स्टेटसला कुणाचे डायलॉग होते? हर्षदचे. तो ३१ डिसेंबर २००१ ला कोठडीत असतानाच वारला हे पण पुष्कळांना मालिकेनंतरच कळलं, आणि कळल्यावर वाईट वाटलं.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, अक्कलकोट रोडला चार लूम होते, टॉवेल काढायचे. एका दामदुप्पट स्कीममध्ये आयुष्याची कमाई घातली, स्कीमवाला रातोरात गायब, दोन लूम विकायला लागले. त्या माणसाचं नाव घेतलं की आजही थुंकतात. आणि फोन वाजला की तीच ट्यून! मी एकदा म्हणलं, मामा, हे कसं काय? तर म्हणाले, "अरे हर्षद हुशार होता, आमचा तो नुसता चोर होता." आता ह्याच्यावर काय बोलणार. मी पुढं विचारलं, तुमचा चोर हुशार नसता तर तुमचे पैसे नेऊ शकला असता का? मामा चहा प्यायला निघून गेले.

———

उन्हाळा_४४:

मुनीमजी, हे उदाहरण मी वर्गासाठी घेणार, परवानगी द्या. शेवटच्या रांगेवाल्यांचं स्वभावाचं म्हणणं पण बरोबर आहे, फक्त एक भर घालते. काही माणसं मुद्दाम वाईट हिरो बघतात आणि त्यात काही गैर नाही. दिवसभर बॉसचं ऐकायचं, घरी सगळ्यांचं मन सांभाळायचं, मग रात्री तासभर असा माणूस बघायचा जो कुणाचं ऐकत नाही. गोष्ट आहे हे माहीत असल्यानं हिशोब बाजूला ठेवता येतो. खऱ्याच्या जवळ गेलं की हिशोब परत सुरू होतो. म्हणून अनिरुद्ध सुटत नाही, तो प्रत्येक गल्लीत एक आहे. कोकणातल्या वाड्यात माणसं पुरणारा अण्णा आपल्या ओळखीत कुणी नाही.

———

सातरस्ता_ते_पार्क:

मॅडम, हे आईला जसंच्या तसं सांगितलं. तिचं उत्तर लिहितो, तिच्या शब्दात:

"लांबचा जवळचा काही नाही. अण्णा वाईट होता आणि त्यानं कधी चांगुलपणाचा आव आणला नाही. हा अनिरुद्ध सगळं करून वर बायकोलाच सांगायचा तुझं कुठं चुकलं. खाल्लं तर खाल्लं म्हणावं माणसानं."

मला तर हे एकदम पटलं. वॉल्टर पण शेवटच्या भागात स्कायलरला सांगतो ना, मी हे माझ्यासाठी केलं, मला आवडायचं, मी त्यात तरबेज होतो. तिथं माझा त्याच्यावरचा उरलासुरला राग पण गेला.

———

होटगी_रोडची_सून:

आईंना माझा नमस्कार सांगा, पण तुमचं वॉल्टरचं गणित जुळत नाही. तो कबूल करतो शेवटच्या भागात. त्याआधी पाच सीझन तो तेच करतोय जे अनिरुद्ध करायचा, सगळं घरच्यांसाठी, तुला कळत नाही मी किती सोसतो, वर बायकोवरच आवाज. मग आईंच्या हिशोबानं तो पाच सीझन शिव्यांचा धनी व्हायला पाहिजे होता. झाला का? तुमच्या भावानं दिल्या का? "घरच्यांसाठी करतोय" हे पुरुषाच्या तोंडचं वाक्य आलं की आपण सगळे, बायका पण, पुढचं विचारायचं सोडून देतो, कारण ते आपण घरोघरी ऐकलेलं असतं.

———

हुतात्मा_मंदिर_शेवटची_रांग:

ताई, आईंनी दिल्या की पहिल्याच पोस्टीत. भाषा न कळता. घरच्यांसाठी करतोय हे तिला ऐकूच गेलं नाही, तिला फक्त उभा राहिलेला माणूस दिसला.

———

कडक_भाकरी:

ए थांब, हे भारी आहे बे. म्हणजे आवाज बंद करून बघायचं. आज रात्री मिर्झापूर म्यूटवर लावतो, कालीनभय्या किती टिकतोय बघू.

———

बाळीवेसचा_बाळ:

आणि अण्णा नाईक म्यूटवर? तू पहिल्या कमेंटमध्ये काय लिहिलंयस ते वाच आधी.

———

कडक_भाकरी:

अण्णांना म्यूट करायची कुणाची हिंमत हाय.